वेंकूबाई नावाची सुंदरी

वेंकूबाईंनी त्या आठवड्यात चार कामं एकदम अंगावर घेतली होती, आणि त्यांतलं एकही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. गच्चीवर पडवळाच्या वेलाला बांबूचा मांडव घालायचा होता. वर्षाचे तांदळाचे वडाम, म्हणजे तळणीचे सांडगे, वाळवायचे होते. जुना लाकडी झोपाळा घासून त्याला वार्निश द्यायचं होतं. आणि गुरुवारी कलेक्टर कचेरीत जाऊन हिंदुस्थानच्या नागरिक व्हायचं होतं.

सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात. पण ‘राहू द्या आता’ असं त्यांना कुणी म्हणालं, की ते काम झालंच म्हणून समजावं. झोपाळ्याचं तसंच झालं. सुतार म्हणाला, लाकूड मेलंय, विकून टाका. बाईंनी त्याला कॉफी पाजली, त्याचाच रंधा मागून घेतला आणि त्याच्यादेखत कामाला लागल्या. तो बिचारा ओशाळून संध्याकाळपर्यंत फळी धरून बसला.

आता तंजावरात जन्म घालवून या नागरिक कशा नाहीत, असं कुणीही विचारील. त्याचं असं, की वडील मलायात, पेनांगला रबराच्या मळ्यावर कारकून. बाईंचा जन्म तिकडचा, पासपोर्टही तिकडचाच. पापनाशमच्या आजीनं, वडिलांच्या आईनं, इकडे स्थळ पाहिलं, त्या लग्न होऊन आल्या, राहिल्या, आणि दर खेपेला राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवत गेल्या. निवडणुकीच्या दिवशी घरची अस्की, म्हणजे झाडून सगळी, माणसं बोटाला शाई लावून यायची. बाई तेवढ्या सांबार ढवळत असायच्या. एकदा यजमान चेष्टेनं म्हणाले, परदेशी बाईच्या मताला कोण विचारतो? त्या दिवशी सांबारात मीठ नव्हतं. कुणी तोंड वाकडं केलं, तर बाई म्हणाल्या, “परदेशी स्वयंपाक असाच असतो.”

यजमान गेले, आणि बाईंनी ठरवलं, आता पुढल्या निवडणुकीला शाई लावायचीच. चेन्नईहून मुलगा सतीशकुमार रोज फोनवर समजावायचा, की या वयात पासपोर्ट कशाला सोडतेस, परदेशस्थांचं ते ओसीआय कार्ड घे, त्यात सगळं मिळतं.

“मत टाकता येतं?”

“मत नाही, अम्मा. बाकी सगळं.”

“बाकी सगळं माझ्याकडे आहेच की.”

घोडं अडलं ते नावावर. जन्मदाखला आणि पासपोर्ट म्हणे ‘सुंदरी’. लग्नाची नोंद आणि घराचे कागद म्हणे ‘वेंकूबाई’. दोघी एकच, हे कचेरीनं कशावरून मानायचं?

या नावांची गोष्ट घराण्यात प्रत्येक लग्नात सांगितली जायची. पापनाशमच्या आजीचं नाव वेंकूबाई, तेच नातीला ठेवायचं ठरलेलं. पण सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत. पेनांगच्या दवाखान्यात नर्सनं बाळाचं नाव विचारलं तेव्हा वडील मळ्यावर, आई राजलक्ष्मी एकटी. जीभ रेटेना, म्हणून सुचेल ते सांगून टाकलं, सुंदरी. ऐकणारे हसायचे आणि म्हणायचे, काय गरीब सून! पुढे घरादारानं मुलीला वेंकूबाईच म्हटलं. आता लेकीपाशीच राहणारी आई मात्र अजून सुंदरीच म्हणते.

सतीशकुमारनं खुलासा लिहून पाठवला तो ‘कारकुनाची चूक’ म्हणून. बाईंनी तो फाडला. आईनं सासूचा राखलेला मान ही चूक कशी, असं म्हणून ‘सासूबाईंच्या मानापोटी’ असा नवा खुलासा टंकून घेतला, आणि साक्षीला अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईला रिक्षात घालून गुरुवारी कचेरी गाठली. मांडव अर्धा, वडाम शेजारच्या सीतालक्ष्मीच्या भरवशावर, बोटांना वार्निश.

अधिकारी तरुण बाई होती. खुलासा वाचून तिला गहिवरच आला. तिनं म्हाताऱ्या आईकडे वळून तमिळमध्ये हळूच विचारलं, “पाट्टी, सासूबाईंच्या मानापोटी नाव घेता आलं नाही, असंच ना?”

“कोण म्हणतं?” राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. “वेंकूबाई. हे घेतलं नाव. झडली का जीभ?”

मग म्हातारीनं सांगितलं ते असं. पोटुशी असताना तिला चार दिवस माहेरीसुद्धा न पाठवता सासूनं बोटीवर चढवलं होतं, आणि वर बजावलं होतं, मुलगी झाली तर पत्राला पैसे घालवू नका. नर्सनं विचारलं तेव्हा नाव चांगलं जिभेवर होतं.

“त्या बाईचं नाव माझ्या पोरीला? छे. गोरीगोमटी दिसली, सुंदरी म्हटलं. घरी म्हटलं, सासूचं नाव घ्यायला लाजले. अस्के खूष.”

अधिकारीण पेन टेबलावर ठेवून म्हणाली, की मग सहीचा खुलासा एक सांगतो आणि साक्ष दुसरंच. हे असं पुढे धाडलं तर परत येईल. वेंकूबाईंना एकदम दोन गोष्टी लागल्या. इतकी वर्षं ज्या नावाला ‘ओ’ दिली ते आईला नको होतं, हे एक. आणि त्यापायी आता हातची शाई जाते की काय, हे दुसरं. त्यांनी कागद ओढून घेतला, ‘सासूबाईंच्या मानापोटी’ हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘आईने जाणूनबुजून’.

“असंच राहू दे?” अधिकारिणीनं विचारलं.

“असंच. या देशाची व्हायला आलेय, ती खोट्यावर कशाला होऊ? परत आला कागद तर पुन्हा येईन. आईला घेऊनच येईन.”

अधिकारीण हसली. म्हणाली, जिनं नाव ठेवलं तिनंच दोन्ही नावं सांगितली, मला पुरे आहे. दाखल्यावर दोन्ही घालता येतील, मधे ‘ऊर्फ’ लिहून. फक्त आधी कुठलं ते सांगा.

सवयीनं वेंकूबाईंचा हात ‘वें’ लिहायला वळला. आईची काठी जमिनीवर आपटली.

“माझं पुढं.”

बाईंनी लिहिलं, ‘सुंदरी ऊर्फ वेंकूबाई’. दोघींनी सह्या केल्या. वरून दाखला यायला वेळ लागेल, शपथ त्यानंतर, असं अधिकारिणीनं बजावलं. बाई म्हणाल्या, निवडणुकीआधी येऊ दे म्हणजे झालं, दर सोमवारी विचारायला येते.

रिक्षात बसताना राजलक्ष्मीबाईंनी पदर खोचला आणि समाधानानं म्हणाल्या, “आता वर गेले की सांगते तिला. सरकारनंसुद्धा तुला मागं ठेवलं म्हणून.”