दुप्पट जाडीची पट्टी

विठ्ठलवाडीचे त्र्यंबक सावंत विशीत वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं, धातूवर धातू चढवला. नळांवर क्रोम, सायकलीच्या हँडलवर निकेल. टाकीतून वस्तू निघाली की अंगठ्यानं चोळून ते थर जोखत. पातळ थर म्हणजे चोरी, जाड थर म्हणजे इमान, असा त्यांचा साधा हिशेब होता.

प्लेटिंगचे कारखाने बंद पडत गेले, तेव्हा मितेशशेठनं त्यांना आपल्या नव्या युनिटमध्ये घेतलं. तिथे अतिवाहक पट्ट्या बनत. धातूच्या पातळ पट्टीवर निर्वात पेटीत सिरॅमिकचा थर चढवायचा. द्रव नायट्रोजनात बुडवला की त्यातून वीज अडथळ्याशिवाय वाहते, पण एका मर्यादेपर्यंतच. सावंतकाका ती पेटी चालवत. उतारवयात पुन्हा काम मिळालेला माणूस जेवणाचा डबाही घाईघाईनं संपवतो. काकांचं तसंच झालं होतं.

त्या उन्हाळ्यात ग्राहकानं दुप्पट प्रवाह झेलणारी पट्टी मागितली. नमुना उतरला नाही तर युनिट बंद, हे शेठनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कच्चा माल एकाच नमुन्यापुरता उरला होता.

"पातळ थर देऊ, वर दुसऱ्या पदार्थाचा पडदा, मग पुन्हा पातळ थर," संशोधक रुचिता म्हणाली. "वेळ लागेल."

"मध्ये पडदा कशाला, मॅडम? अंतरपाट धरायचाय काय?" काका हसले. "पेटी थांबवूच नका. थर दुप्पट, करंट दुप्पट."

"काका, हे क्रोम नाहीये हो."

"शेठ, तुम्हीच बोला आता."

शेठला घाई होती. "काकांचं ऐकू या. अख्खं आयुष्य थर चढवण्यात गेलंय त्यांचं."

रुचितानं मग आपला आग्रह सोडला. आपला उपाय तरी लागू पडेल, याची तिलाही खात्री नव्हती.

काकांनी जीव ओतला. पट्टी बाहेर आली ती काळीभोर, सलग, कुठे ओरखडा नाही. त्यांनी ती भिंगाखाली धरून शेठला दाखवली. "बघा. असा थर बसलेला बघितलाय कधी?"

रुचितानं पट्टी नायट्रोजनात सोडली आणि प्रवाह वाढवत नेला. निम्म्या जाडीची जुनी पट्टी दोनशे अँपिअर झेलायची. हिनं दोनशे तीसला हात टेकले.

"मशीन चुकतंय. परत लावा."

परत तेच.

मग रुचितानं आयनांच्या झोतानं वरचा अर्धा थर खरवडून काढला आणि पट्टी पुन्हा बुडवली. दोनशे दहा.

काका आकड्याकडे बघत राहिले. अर्धा थर गेला होता आणि जेमतेम वीस अँपिअर कमी झाले होते.

"म्हणजे वरचा सगळा..."

"जवळजवळ नुसताच बसलेला होता, काका." रुचिता हळू आवाजात बोलत होती. "खालचे कण धातूच्या पट्टीच्या आधारानं एका ओळीत उभे राहतात. थर वाढला की वरचे कलायला लागतात, मध्ये पोकळ्या राहतात. कललेल्या कणांतून वीज नीट जात नाही."

"दिसत तर चांगला होता."

"दिसत होता."

शेठ रागावले नाहीत. चार शब्द सुनावले असते तर काकांना बरं वाटलं असतं. शेठ नुसते फोन घेऊन बाहेर गेले. महिनाअखेर पेटी खोक्यात बंद झाली. रुचितानं दुसरीकडे अर्ज केले. निघताना ती म्हणाली, "मी अडवायला हवं होतं." काकांनी नुसती मान हलवली, हो की नाही ते तिला कळलं नाही.

घरी बायकोनं, विमलाबाईंनी, विचारलं, "काय झालं त्या पट्टीचं?"

"नाही चालली."

"का?"

"जास्त झालं," काका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

पावसाळा सरता सरता इस्टेटमधल्या एका गाळ्यात माणूस हवाय असं कळलं. काका गेले. दारातल्या पोरसवदा मॅनेजरनं विचारलं, "काय काम येतं, काका?"

'थर चढवतो' हे काकांच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. आत पत्रा कापणारं यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं. मॅनेजर वाट बघत होता.

"विचारून सांगतो," काका म्हणाले आणि वळले.