डान्सच्या ठोक्यावर साकवाचं गाऱ्हाणं

मिठबावात डान्सचं इलेक्ट्रॉनिक संगीत बनवणारा मी एकटाच, त्यामुळे गावात पहिला नंबरही माझाच. लोकांनी नाचता नाचता विचार करावा, असा माझा थोर हेतू. पहिल्या ट्रॅकमध्ये मी रस्त्यातल्या खड्ड्यांवर स्वतःच्याच आवाजात भाषण ठोकलं होतं. ते एका हळदीला लावलं, तर नवरदेवच ओरडला, "रे, ह्यो रडता तो कोण? तेका पयलो बंद कर!"

मग आमच्या वाडीचा साकव मोडला. व्हाळावरचा तो लाकडी पूल गेल्यापासून काकीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून पाण्यातून उचलून न्यायचं. त्यात पाऊस तोंडावर आलेला. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन थकलो. म्हटलं, आता ट्रॅकच. आवाज मात्र काकांचा. देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालतात.

काका म्हणाले, "नारळाशिवाय गाऱ्हाणा? खुळावलंस काय रे?" मी निमूट लॅपटॉपसमोर नारळ आणि विडा मांडला.

वाडीच्या सत्यनारायणाला, दुपारची जेवणं आटोपल्यावर स्पीकर लावले. सरपंच तीर्थप्रसादाला आले होते. मंडळी नाचून घामाघूम. ठोके चढत गेले, एकदम थांबले, आणि काकांचा आवाज घुमला, "बा म्हाराजा! साकव मोडलो आसा. तो पावसाआधी उभो करून घे रे म्हाराजा!"

आता बास, म्हणजे खालच्या सुरातला तो दणका, कोसळणार आणि मांडव हलणार, हे माझं गणित. पण गाऱ्हाणं कानावर पडलं की आमचा माणूस काय करतो, हे जन्म या गावात काढूनही मी विसरलो होतो. ज्यांच्या पायात चपला होत्या त्यांनी त्या काढल्या, सगळ्यांनी हात जोडले आणि सगळे एका सुरात म्हणाले, "होय म्हाराजा!" सरपंचांचा आवाज सगळ्यात मोठा. मागे बास एकटाच धडधडत राहिला, वरात पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या ढोलवाल्यासारखा.

मी तोंड लपवून वायरी गुंडाळू लागलो. काकीने मात्र सरपंचांना गाठलं.

"साकव होतलो मां?"

"काकी, ता मशीन बोलला गो!"

"मशीन बोलला. पण होय तू म्हटलंस!"

पावसाआधी साकव उभा राहिला. काकी आता आपल्या पायांनी दवाखान्यात जाते. त्या दुपारी गाऱ्हाणं ऐकल्यावर एकही पाय न हलवणाऱ्या माझ्या वाडीचा मी ऋणी आहे. ती नाचतच राहिली असती, तर सरपंचही तिच्यात दोन पावलं नाचून, प्रसाद खाऊन घरी गेले असते.