डावा की उजवा

आमच्या साडूंनी मला जितक्या ठिकाणी आणि जितक्या लोकांसमोर लाज आणली, तितकी उभ्या मुलुंडात कुठल्या साडूने कुठल्या साडूला आणली नसेल. त्यात दुर्दैव असं की आमच्याच बिल्डिंगमधला फ्लॅट त्यांना मीच मिळवून दिला. माणूस रेडिओलॉजिस्ट. कांजूरच्या बाजूला एक इस्पितळ आहे, तिथे बहुतेक पेशंट माजी सैनिक. तिथल्या अंधाऱ्या खोलीत बसून हे दिवसभर हाडांचे फोटो वाचतात. त्यामुळे माणसाला चेहरा असतो, आणि त्या चेहऱ्यामागे मन असतं, हेच ते विसरून गेले. आमच्या घरी आले की आधी दिवे बंद करतात. "डोळ्यांना बरं वाटतं रे." मग आम्ही सगळे अंधारात पोहे खातो. बाजारात पापलेट घेताना ते उचलून बल्बसमोर धरतात आणि एक डोळा मिटून बघत बसतात. एकदा कोळीण ओरडली, "डाक्टर, फोटो काढायचाय का कालवण करायचंय? ठेव ते खाली!" मी शेजारच्या कोथिंबिरीच्या गाडीआड तोंड लपवून उभा होतो.

घरातला फोटो काढायचा झाला तरी तोच खाक्या. "श्वास घ्या... रोखा... हलू नका!" आणि 'सोडा' म्हणायचं हटकून विसरायचं, कारण ते टेक्निशियनचं काम. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत आम्ही डोळे वटारून, गाल फुगवून उभे आहोत. माझ्या मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा तर कहर झाला. मुलाचे वडील सोफ्यावरून उठताना जरासे कण्हले. झालं! हे टाळी वाजवून म्हणाले, "चौथा-पाचवा मणका! जपा हं. आणि हे मुलातही उतरू शकतं." स्थळ गेलं, चहासुद्धा पुरा न पिता गेलं. मी संतापलो तर हे शांतपणे म्हणतात, "खोटं बोललो का मी?" तेच तर! खोटं ह्यांना जमतच नाही. प्रयत्न केला तर कान लालबुंद होतात. ताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, अर्धा संसार ह्या कानांवर चाललाय.

आणखी एक वेड डाव्या-उजव्याचं. फोटोवर बाजूची खूण चुकली तर डॉक्टर भलताच पाय कापेल, असं ते कुणालाही, अगदी जेवणाच्या पंगतीतसुद्धा, ऐकवतात. घरातल्या सपातांवरही मार्करने डावी-उजवी लिहिलेलं आहे. हाताखालच्या कुणी एकदा अशी चूक केली तेव्हा दिवसभर हे जेवले नव्हते.

पण फौजी म्हटला की हाच माणूस अंधारातून बाहेर येतो. पोट आत घेऊन सावधानमध्ये उभा राहतो. एक्स-रेचं टेबल गार असतं म्हणून ताईंनी शिवलेली गोधडी घरून नेऊन त्यावर अंथरतो. "बर्फात झोपलेली माणसं ही. आता म्हातारपणी माझ्या टेबलावर कुडकुडायचं काय?" असं म्हणताना त्यांचा आवाज भरून येतो.

आमच्याच बिल्डिंगमध्ये एक निवृत्त सुभेदार राहतात. मूळचे मालवणकडचे. त्यांच्या डाव्या पायात लढाईतला बॉम्बचा तुकडा आहे, ही गोष्ट खालच्या बाकावर बसून बिल्डिंगच्या दोन पिढ्यांनी ऐकलेली. पाऊस यायच्या आधी तो ठणकतो म्हणे. झेंडावंदनाची दोरी त्यांच्याच हातात. गेल्या वर्षी त्यांची कंबर धरली, पाय बधिर व्हायला लागले. एमआरआय हवा होता, पण अंगात लोखंड असेल तर त्या यंत्रात जाता येत नाही. "आधी साधा एक्स-रे काढून तुकडा कुठाय ते बघू," साडू म्हणाले. मी गाडीतून सुभेदारांना, त्यांच्या सुनेला आणि कॉलेजातल्या नातीला घेऊन गेलो.

बाहेरचा हॉल फौजींनी गच्च भरलेला. साडू फिल्म नाचवत बाहेर आले. "सुभेदार, अभिनंदन! तुमच्या पायात काहीसुद्धा नाही! तुकडा नाही, शिरल्याची खूण नाही. कधी नव्हताच! आता बिनधास्त एमआरआय करू!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. नातीने आजोबांकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. सुभेदार शर्टाचं वरचं बटण लावत राहिले, ते लावलेलंच होतं. देवाशपथ सांगतो, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं मला.

बातमी आमच्या आधी मुलुंडला पोचली. सुभेदार खाली यायचे बंद झाले. एमआरआयलाही जाईनात. "मरूंदे ती कंबर," एवढंच सुनेला म्हणाले. पाय दिवसेंदिवस जड होत चाललेले. साडू एका संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले. मीच होऊन दिवा बंद केला.

"मला वाटलं, आनंदाची बातमी आहे," ते म्हणाले.

"अहो डॉक्टर, सगळ्यांसमोर?"

"लाज वाटते रे. त्यांची नाही, माझी."

पुढच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये, आयत्या वेळच्या विषयांत, साडू उठले. म्हणाले, "सुभेदारांच्या बाबतीत माझ्याकडून मोठी चूक झाली. तुकडा ज्या पायात आहे तो सोडून मी दुसऱ्याच पायाचा फोटो काढला. डावा-उजवा घोटाळा. मी हात जोडून माफी मागतो." एकच हशा पिकला. डावं-उजवं म्हणून अख्ख्या बिल्डिंगचं डोकं खाणारा माणूस, आणि त्यानेच हे करावं! मी हसलो नाही. फिल्म मीच गाडीत घरी आणली होती, खूण चांगली बघितली होती, डाव्याचीच. आणि साडूंचे कान दिसत होते, जास्वंदीसारखे.

सुभेदार दुसऱ्या दिवशी बाकावर आले, आणि एमआरआयला तयार झाले. लोखंडाचं मी बघतो, असं सुनेला सांगून इस्पितळात साडूंनी सगळं जमवून ठेवलं होतं. फक्त स्वतःचाच एक नियम ते विसरले होते. दारातल्या टेक्निशियन बाईने विचारलं, "आजोबा, अंगात कुठे धातू? छर्रा, तुकडा?"

"आहे ना," सून म्हणाली. "पायात. डॉक्टरच म्हणाले."

बाईंनी दार लावून घेतलं. "मग मी आत सोडणार नाही."

"अहो, मी सांगतोय ना, सोडा," साडू पुटपुटले.

"सर, नियम तुमचाच आहे. पेशंटने स्वतःच्या तोंडाने नाही म्हटल्याशिवाय तुम्ही सांगितलंत तरी सोडायचं नाही."

साडू घामाघूम. कान पेटलेले. सुभेदार त्या कानांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नाय गो बाय. माझ्या अंगात कायएक नाय. डाव्या पायात नाय, उजव्या पायात नाय. डाक्टरानू, तुमची फिल्म बरोबर होती." आणि सुनेकडे न बघता म्हणाले, "तुकडो माझ्या बाजूच्याच्या पायात घुसलो. तो काय परत इलो नाय."

त्याची गोष्ट सांगता सांगता ती कधी ह्यांची झाली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सूनच पुढे झाली. "बाबा, घड्याळ आणि चष्मा द्या माझ्याकडे. आत चालत नाही." साडूंनी गोधडी अंथरली, सुभेदारांना स्वतः आडवं केलं. म्हातारा छाती ताठ करून, दम धरून पडला होता. साडू वाकले आणि जन्मात पहिल्यांदा न विसरता म्हणाले, "श्वास सोडा, सुभेदार."

ऑपरेशन वेळेत झालं. सुभेदार हिंडूफिरू लागले. सुनेने बिल्डिंगमध्ये अवाक्षर काढलं नाही, त्यामुळे पोरंसोरं अजून साडूंना जिन्यात अडवतात, "डॉक्टर, डावा की उजवा?" साडू कान पकडून हसतात. सुभेदारांनी एकदा "ऐका रे, खरा काय ता..." म्हणून तोंड उघडलं, तर साडूंनी मोठमोठ्याने पापलेटाचे भाव सांगायला सुरुवात केली. बाकावर तुकड्याची गोष्ट मात्र आता कुणी काढत नाही.

आणि साडू बदलले. हल्ली लग्नाकार्यात कुणाचा मणका काढत नाहीत. चार माणसांसारखं "बरे आहात ना?" विचारतात आणि गप्प बसतात. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं. गेल्या महिन्यापासून माझा गुडघा कुरकुरतोय. परवा मुद्दाम त्यांच्यासमोरून दोनदा लंगडत गेलो. त्यांनी बघितलं. ओठ हलले, मिटले.

"बरं आहे ना?" म्हणाले.

"बरं आहे," मी म्हटलं. आणि कुणी बघत नाहीये असं पाहून तिसऱ्यांदा त्यांच्यासमोरून गेलो.