चुकीच्या गाडीला दिलेली जागा

माझे धाकटे दीर गाडी चालवायला शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आता घरातही. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर बूट टेकवून त्यांचे आयुष्य गेले. "घाई नको, मागचा आरसा बघा," हे त्यांचे रोजचे पालुपद. असा माणूस सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी पळवतो, हे नवख्यांना खरे वाटत नसे. माझी जाऊ म्हणायची, "आठवडाभर दुसऱ्यांना हळू चालवायला लावतात आणि रविवारी सगळं वसूल करतात."

इतक्या वर्षांत पहिल्या तिघांत ते एकदाही आले नव्हते. कधी सहावे, कधी नववे, एकदा तर गाडी ढकलत आले. पाठ धरू लागली, चष्म्याचा नंबर वाढला, तेव्हा जाऊने निर्वाणीचे सांगितले, "आता पुरे." मास्तरांनी एक शेवटची शर्यत मागून घेतली. ती पाहायला आम्ही दोघी गेलो. जाऊ पहिल्यांदाच आली होती. आवाजाने हैराण होऊन कानांवर हात ठेवून बसली होती.

त्या दिवशी मास्तरांची गाडी काही वेगळीच धावत होती. बराच वेळ ते चौथे होते. मग आमच्या समोरच्या वळणावर मागे पडलेली एक गाडी घसरून वाळूत रुतली आणि तिथल्या माणसाने पिवळा झेंडा हलवला. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका. वेग कमी करायचा आणि हिरवा दिसेपर्यंत कोणी कोणाला ओलांडायचे नाही. मास्तरांच्या पुढच्या राखाडी गाडीने वेग कमी केला. मास्तर मात्र तिच्या बाजूने सरळ पुढे निघून गेले.

"ताई, तिसरे झाले!" जाऊ उठून टाळ्या वाजवू लागली. मी तिला हाताला धरून खाली बसवले.

अशी चूक सुधारण्याची एक रीत आहे. ज्याला ओलांडले, त्यालाच लगेच पुढे जाऊ द्यायचे. मग पंच बहुधा सोडून देतात. मास्तरांनी तेच केले. हिरवा झेंडा दिसल्यावर पुढच्या सरळ रस्त्यावर त्यांनी आरशात राखाडी गाडी पाहिली, कडेला घेतले आणि तिला वाट दिली. पण राखाडी गाड्या दोन होत्या, दोघा भावांच्या, अगदी सारख्या. हिरवा झेंडा मिळताच थोरल्या भावाने धाकट्याला मागे टाकले होते. मास्तरांनी ओलांडले धाकट्याला आणि वाट दिली थोरल्याला.

शेवटच्या फेरीत दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीचे इंजिन बंद पडले. थोरला दुसरा आला, मास्तर तिसरे, धाकटा चौथा. मास्तर हेल्मेट काढून लहान मुलासारखे हसत आमच्याकडे आले, तोच पंचांचे बोलावणे आले. आम्हीही मागोमाग गेलो. छोटी खोली, एक टेबल, घरघरणारा पंखा. मुख्य पंच एक मध्यमवयीन बाई होत्या.

"मास्तर, झेंडा दिसला होता?"

"दिसला. पाय उशिरा उचलला."

"मग जागा परत का नाही दिलीत?"

"दिली की!"

"कोणाला?"

मास्तरांचा चेहरा पडला. जाऊला दारात राहवेना. "घरीही हेच, बाई. चुकतात माझ्याशी आणि माफी मागतात माझ्या आईची!"

पंचबाई हसल्या, पण काम सोडले नाही. याला दोन दंड आहेत, त्या म्हणाल्या. एक, आजच्या वेळेत पाच सेकंद वाढवायचे; मग मास्तर चौथे. दुसरा, पुढच्या शर्यतीत तीन जागा मागून सुरुवात करायची; मग आजचा तिसरा क्रमांक कायम. "पहिलाच गुन्हा असेल तर आम्ही दुसरा देतो. पण पुढे उतरणारच नसाल तर त्याला अर्थ नाही. पुढच्या मोसमात येणार ना?"

जाऊने त्यांना कोपराने ढोसले. "हो म्हणा."

"म्हणजे पुढच्या वर्षी पळवू?"

"ते कोण म्हणालं? नुसतं हो म्हणा!"

पंचबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर तो धाकटा भाऊ गाडीची चाके उतरवत होता. त्याला यातले काही ठाऊक नव्हते. मला वाटले, न येणाऱ्या दिवसावर टाकलेला दंड कोणालाच लागत नाही; हा मुलगा मात्र आजच्या आज चौथा राहतो. पण मास्तर पुन्हा कधी तिसरे येणार नव्हते, हेही मला कळत होते.

मास्तरांनीही खिडकीबाहेर त्या मुलाकडे पाहिले. मग म्हणाले, "नाही. ही माझी शेवटचीच. सेकंद लावा."

बाहेर येताच जाऊ कडाडली. "इतकी वर्षं मी नको म्हणत होते, तेव्हा ऐकलं नाहीत. आज हो म्हणते, तर आज हे!"

थोड्या वेळाने धाकटा भाऊ संकोचत आला. "काका, मी तक्रार केली नव्हती हो."

"माहीत आहे रे. जा, नाव पुकारतायत तुझं."

तो गेल्यावर मास्तर एका जुन्या टायरवर बसले आणि चष्मा पुसू लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले. जाऊ काही वेळ लांब उभी होती. मग शेजारच्या टायरवर जाऊन बसली आणि पाण्याची बाटली त्यांच्या पुढे धरली.

"चौथा नंबर काही वाईट नाही," ती म्हणाली. "पण मला वाईट वाटतंय."

"मलाही," मास्तर म्हणाले, आणि पाणी प्यायले.