दादाच्या हळदीला अच्युतला कोणी बोलावलं?

आधीच सांगतो, भूतबित, अंगात येणं वगैरे ऐकलं की मला हसू येतं. आयुष्यभर टेलिफोन खात्यात वायरी जोडल्या. आवाज कुठून येतोय ते शोधणं हाच माझा धंदा... पण या एका आवाजाची लाइन मला आजवर सापडलेली नाही.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. आम्ही मोरव्याचे. तेव्हा गाव संपलं की खाडीपर्यंत मिठागरंच. एका सकाळी आमच्या मिठागराच्या बांधाशी एका अनोळखी माणसाचं प्रेत दिसलं, पोटात वार केलेले. पाहिलं ते माझ्या मोठ्या भावाने, वामनदादाने. आणि त्याचं लग्न महिन्यावर!

पोलिसांनी प्रेत नेलं आणि तोंडाला कुलूप लावलं. मेला कोण? "तपास चालू आहे." मारलं कोणी? "तपास चालू आहे." दादाला मात्र सारखं चौकीवर बोलावणं. गाव नुसतं धुमसत होतं. पंचमंडळी साहेबांना भेटायला गेली, तर चहा पाजून परत पाठवली — त्यातही साखर कमी! अफवांना ऊत आला... कोणी म्हणे मेलेला स्मगलर, कोणी म्हणे गुप्तहेर.

हळदीच्या दिवशी सकाळी राई गावाहून मुलीच्या बापाचा निरोप आला, "पोलीस सोता येऊन सांगीत न्हाय का पोरगा साफ हाय, तवर वऱ्हाड आनू नका." दादाचा चेहरा बघवेना. आई रडली, पण तिने हळद थांबवली नाही.

आम्हा आगऱ्यांत लग्नाची गाणी गायला धवलारीण असते. हळदीला ती आधी देवांना आणि मग घरातल्या मेलेल्यांना नाव घेऊन बोलावते. आमची हिराबाय त्याच दुपारी चेणे गावाहून आली होती. आमच्या भानगडीचा तिला पत्ताच नव्हता. मांडवात साध्या कपड्यातला एक हवालदारही बसला होता, नजर ठेवायला. अख्ख्या गावाला ते माहीत होतं, त्यामुळे त्याला आग्रह करकरून वाढणं चाललं होतं.

हिराबायने आजोबांना बोलावलं, काकाला बोलावलं आणि त्याच चालीत गायली, "चिपळूनच्या अच्युता, तूबी ये रं हळदीला..."

आम्ही एकमेकांकडे बघतोय. आमच्यात अच्युत कोण? तेवढ्यात हवालदार पत्रावळीवरून ताडकन उठला, "ओ बाई! हे नाव कोणी फोडलं?"

मांडवात असा हशा पिकला की विचारू नका! महिनाभर जे गाव विचारत होतं, ते मेलेल्याचं नाव बिचाऱ्याने भाताच्या घासाबरोबर सांगून टाकलं.

आई त्याच्या वाटेत उभी राहिली. "आता पुढचा बी सांग. माजा पोरगा सुटंल का न्हाय?"

हवालदार घामाघूम. "मावशी, खुनी कधीच धरलाय. साथीदार पळतील म्हणून आम्ही गप्प होतो. तुमचा मुलगा फक्त साक्षीदार आहे."

"मंग ह्ये राईला माज्या येवायाला सांग!"

बायकांनी त्याच्या गालांना हळद फासली, बैलगाडीत बसवला आणि वाजतगाजत राईला नेला. दुसऱ्या दिवशी दादाचं लग्न लागलं.

हवालदार पुढे शपथेवर सांगायचा, ते नाव साहेब आणि तो सोडून मोरव्यात कोणालाच माहीत नव्हतं. हिराबाय वाटेत कोणाला भेटली, कोणाशी बोलली, सगळं मी खोदून खोदून विचारलं. हाती काही लागलं नाही. शेवटी ती वैतागली.

"बाला, तो दाराशी उबा व्हता. सगल्यांना बोलावला, त्याला कोनी बोलवी ना. मंग मी नाव इचारला नि बोलावला."

दाराशी म्हणजे कुठे? तिने बोट दाखवलं. पाहुण्यांना पाणी द्यायला दुपारभर मी तिथेच उभा होतो, तांब्या घेऊन. शेजारी कोणी नव्हतं... निदान मला तरी दिसलं नाही.

भीती अशी वाटत नाही. लग्नघरी एवढा लांबून आलेला माणूस, त्याला साधं पाणी विचारलं नाही, याची मात्र अजून चुटपुट लागते.