थांबेल त्याला गूळ

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात साहेबांच्या बंगल्यावर एक माळीबुवा होते. जन्म बैलांमागे गेलेला, म्हणून साहेबांनी आपलं लांब कानांचं, उधळं स्पॅनियल कुत्रं त्यांच्या हवाली केलं. लांबून हाक दिली की कुत्रं जागच्या जागी थांबलं पाहिजे, एवढाच हुकूम.

माळीबुवा बैलांना घालतात तीच हाक घालायचे, "होऽऽ!" खिशात गूळ. "थांबंल तितं आपुन जायाचं आन् खडा द्यायचा. बोलवायचं न्हाई," असं मला बजावायचे. महिनाभरात कुत्र्यानं एकही खडा कमावला नव्हता.

एके दिवशी ते सुटलं ते थेट हमरस्त्यावर. समोरून मालट्रक. कुत्रं मेलं असतं तर म्हाताऱ्याची नोकरीही गेली असती. माळीबुवा फाटकातून गरजले, "होऽऽ!"

रस्ता ओलांडणाऱ्या गाडीचे बैल मधोमध थांबले. त्यांना पाहून ट्रकनं करकचून ब्रेक लावला. कुत्रं तेवढं न थांबता पलीकडच्या शेतात पसार झालं.

माळीबुवा शांतपणे रस्त्यावर गेले. दोन्ही बैलांना एकेक खडा दिला, एक ट्रकवाल्याच्या हातावर ठेवला. मग माझ्याकडे आले. कुत्र्यामागे धावायला म्हणून मी एक पाय उचललेला तसाच उभा होतो.

"घ्या. तुमी बी थांबला न्हवं?"

मी निमूटपणे तोंड उघडलं.