कुंकवाच्या अकरा फ्लॉप्या

फ्लॉपीचाचा फ्लॉपीला हात लावण्याआधी नमाजाला बसायचं असल्यासारखे कोपरापर्यंत हात धुवायचे. एवढं सोवळं पाळून झालं, की ती पातळ, मधे उघडी खिडकी असलेली फ्लॉपी कडेनं धरून उचलायचे. मेहकरच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते मलकापूरहून एसटीनं यायचे. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुसरा माणूस तेव्हा आम्हाला माहीतच नव्हता.

फ्लॉपीवर काही उतरवलं, की चाचा ते लगेच परत वाचून बघत. "लिहिलं म्हंजे झालं नाही बेटा, वाचता आलं तं खरं." पाच मिनिटांच्या कामाला दहा लागायची आणि मी मनातल्या मनात चरफडायची.

आमचं जुनं युनिक्स यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची नंबरवार यादी आणि ती चालवणारा प्रोग्राम, सगळं त्यातच. कागदी वही माझ्याच हट्टानं बंद झालेली. नवं यंत्र दसऱ्याला यायचं होतं, त्यात भरायला चाचांनी सगळं अकरा फ्लॉप्यांवर उतरवलं. दुसरा संच करायला कोरी फ्लॉपी एकच उरली होती. "दसरा झाला का घेऊन येतो," म्हणून ते गेले आणि दोन दिवसांत जुनं यंत्र बंद पडलं ते पडलंच.

दसऱ्याला मी शहाणीनं नव्या यंत्राची पूजा केली. फ्लॉप्या तरी उपाशी का ठेवायच्या, म्हणून अकराही जणींना ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं. नेमकं उघड्या खिडकीवर, यंत्र वाचतं त्या आतल्या तबकडीलाच!

दसऱ्यानंतर आलेल्या चाचांनी फ्लॉप्यांचा डबा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. मला रडू फुटलं. खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसं महिनोन्‌महिने नंबरची वाट पाहत होती. आता आधी कोण, नंतर कोण, हे कशावरून सांगणार?

"पूजेच्या आंधी आंघोळ घालाची राह्यते बेटा," चाचा म्हणाले. "तू इसरली. आता मी घालतो."

त्यांनी ब्लेडनं एकेका फ्लॉपीचं वरचं पाकीट कापलं, आतली तबकडी साबणाच्या पाण्यात हलकेच धुतली आणि जिची तिच्या पाकिटावर सावलीत वाळत घातली. मग त्या एका कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट कडेनं उसवून रिकामं केलं. यंत्र पुढची फ्लॉपी मागेल तशी त्यात पुढची धुतलेली तबकडी सरकवायची. सातवी अडली. चाचांनी ती काढली, पुन्हा धुतली, पुन्हा वाळवली. दुसऱ्यांदा यंत्रानं ती मुकाट्यानं वाचली. अकरावी संपली आणि पडद्यावर पहिलं नाव उमटलं, अमडापूरच्या एका आजींचं. मी असली ओरडले, की व्हरांड्यातले पेशंट उठून उभे राहिले. तसा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याच डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तेव्हा मी म्हटलं होतं, "चाचा, तुम्हाला कसला नंबर? उद्याच या."

ते चिडलेच. "काऊन? यादी कायले धुतली मंग आपन?"

आणि सगळ्यांत शेवटचा नंबर घेऊन ते मलकापूरच्या एसटीला निघून गेले.